कैरो पाहायचं तर एका दिवशी एकच दिशा

कैरोच्या सहलीत पैसा फारसा आड येत नाही आणि बहुतेकांना वाटते तितकी सुरक्षिततेची अडचणही येत नाही. दिवस खातात ते रस्ते. दोन कोटींहून जास्त वस्तीचं हे शहर नाईलच्या दोन्ही काठांवर पसरलंय. पिरॅमिड आणि नवं मोठं संग्रहालय पश्चिमेला गिझाच्या पठारावर आहेत. मशिदी, किल्ला आणि बाजार पूर्वेला आहेत. सक्कारा आणि दाहशूर ही जुन्या पिरॅमिडांची ठिकाणं दक्षिणेला, आणि विमानतळ पार ईशान्येला. 'सकाळी पिरॅमिड, दुपारी किल्ला, संध्याकाळी खान अल-खलिलीचा बाजार' हा बेत कागदावर छान दिसतो, पण प्रत्यक्षात त्यातले तीन तास 'सहा ऑक्टोबर' नावाच्या पुलावर गाडीत बसून जातात. म्हणून एका दिवशी एकच दिशा धरायची. खालचा सगळा बेत याच हिशेबाने मांडलाय. चार पूर्ण दिवस पुरतात, तीन दिवसांत घाई होते.

कधी जावं

ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत दिवसा हवा मस्त असते, पण रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि साध्या हॉटेलांत खोली गरम ठेवायची सोय नसते. एक स्वेटर आणि पायमोजे हवेतच. मार्च ते मे या काळात अधूनमधून खमसीन नावाचा वाळवंटी वारा सुटतो. त्या दिवशी आभाळ पिवळट होतं आणि पठारावर डोळे उघडे ठेवणं कठीण जातं. दमा असलेल्यांनी हे महिने टाळावेत. जून ते ऑगस्ट पारा पस्तिशीच्या वर असतो आणि पठारावर सावली नावालाही नाही.

रमजानमध्ये वास्तूंच्या वेळा आखडतात, दिवसा बऱ्याच खानावळी बंद असतात आणि सूर्यास्ताच्या आधीचा एक तास गाडी मिळणं मुश्किल होतं. रात्री मात्र जुनं शहर फुललेलं असतं. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल.

तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी सकाळी रस्ते रिकामे असतात, पण दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदी पर्यटकांना बंद असतात आणि पठारावर स्थानिक कुटुंबांची गर्दी होते. गुरुवारी संध्याकाळी अख्खं शहर घराबाहेर पडतं, तेव्हा लांबचा प्रवास ठेवू नका.

व्हिसा आणि विमानतळ

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा जपान यांपैकी एखाद्याचा चालू आणि आधी वापरलेला व्हिसा पासपोर्टवर असेल, तर कैरो विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळण्याची सवलत आहे. बाकीच्यांनी मुंबईतल्या इजिप्तच्या वाणिज्य दूतावासाकडे चौकशी करून महिनाभर आधी अर्ज करावा. सवलतीत बसत असलात तरी तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीकडून लेखी खात्री करून घ्या, कारण अडवणूक होते ती कैरोत नव्हे, मुंबईच्या चेक-इन काउंटरवर. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट छापून ठेवा.

उतरल्यावर व्हिसा घेणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे आधी पासपोर्टच्या रांगेत उभं राहणं. क्रम उलटा आहे. रांगेच्या अलीकडेच बँकांच्या खिडक्या असतात. तिथे रोख डॉलर देऊन व्हिसाचा स्टिकर घ्यायचा आणि मगच रांगेत लागायचं. 'व्हिसा सर्व्हिस' म्हणत नावाची पाटी धरून उभे असलेले लोक याच कामाचे वर पैसे घेतात. त्यांची गरज नाही.

मुंबईहून इजिप्तएअरचं थेट विमान आहे. कैरो आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतीन तास मागे असतं आणि एप्रिलअखेर ते ऑक्टोबरअखेर अडीच तास.

सामानात ड्रोन अजिबात नको. परवानगीशिवाय ड्रोन नेणं तिथे गुन्हा आहे आणि विमानतळावरच तो जप्त होतो. ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर कडक निर्बंध आहेत. भारतात काही संयुक्त गोळ्यांतही ते असतं, तेव्हा औषधाच्या पाकिटावरचे घटक वाचूनच ते बॅगेत टाका. बाकी औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या.

सिमकार्ड बाहेर पडण्यापूर्वीच घ्या. ऑरेंज, व्होडाफोन, 'ई अँड' (e&) आणि 'वी' (WE) या चारही कंपन्यांचे काउंटर आहेत, पासपोर्ट दाखवावा लागतो. गाडीसाठी उबर किंवा इनड्राइव्ह वापरा. टर्मिनलच्या आत उभं राहूनच अ‍ॅपवर हॉटेलपर्यंतचं भाडं बघा. बाहेर कोणी टॅक्सीवाला अंगावर आलाच, तर तो आकडा तुमची वरची मर्यादा. अ‍ॅपची गाडी बहुधा वाहनतळात येते आणि वाहनतळाचं शुल्क कधी कधी वेगळं मागतात, ते रास्त आहे. चालक मेसेज करून 'कुठे जायचंय, रोख की कार्ड?' असं विचारतात. उत्तर 'रोख' असेल तर गाडी लवकर येते.

गिनी, सुटे पैसे आणि आकडे

इजिप्शियन पाउंडला तिथे गिनी म्हणतात. मार्च २०२४ मध्ये सरकारने चलनाचा दर मोकळा सोडल्यावर डॉलर ३१ वरून पन्नाशीच्या आसपास गेला. १०० गिनी म्हणजे साधारण दोन डॉलर, एवढं डोक्यात ठेवलं की पुरतं. जुन्या लेखांतले भाव विसरा. रस्त्यावर कोणी जास्त दर देऊ करत असेल तर ते बेकायदा आहे, शिवाय आता बँकेतच खरा दर मिळतो. रुपये तिथे बदलून मिळत नाहीत. न फाटलेल्या, न लिहिलेल्या डॉलरच्या किंवा युरोच्या नोटा न्या.

कार्ड मात्र हवंच. पिरॅमिड आणि मोठ्या संग्रहालयांच्या खिडक्यांवर परदेशी पर्यटकांकडून रोख घेत नाहीत. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशातला वापर सुरू करा, आणि एटीएम व दुकानातलं यंत्र यांची बटणं वेगवेगळी असतात, ती दोन्ही. यंत्राने 'कोणत्या चलनात?' असं विचारलं तर गिनी निवडा. रुपये किंवा डॉलर निवडले की दुकानदाराची बँक आपला दर लावते आणि तो नेहमीच वाईट असतो. डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड चालतं, पण डॉलरचे गिनी होताना शुल्क कापलं जातं. दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं असावीत, कारण एखादं यंत्र एखादं कार्ड विनाकारण नाकारतं आणि खिडकीवरचा माणूस खांदे उडवतो.

आता सुटे पैसे. स्वच्छतागृहाबाहेर बसलेला माणूस, बॅग उचलणारा, चप्पल सांभाळणारा, दार उघडून देणारा, सगळ्यांना बक्षीस द्यावं लागतं. त्यांच्या पगाराचा तो भागच आहे, त्याचा राग धरू नका. स्वच्छतागृहात ५-१० गिनी, एका बॅगेला २०, दिवसभराच्या चालकाला खूश असाल तर १००-२००. एटीएममधून २०० च्या नोटा निघतात आणि त्या मोडून द्यायला कोणीच तयार नसतं. म्हणून रोज सकाळी हॉटेलात किंवा मोठ्या किराणा दुकानात एक नोट मोडून घ्या आणि सुट्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. भरलेलं पाकीट रस्त्यात उघडायचं नाही.

जुन्या चलनात ५० पियास्टरची नोट आहे, म्हणजे अर्धा गिनी. परत मिळालेल्या पैशांत ती ५० गिनी म्हणून खपवण्याची चलाखी जुनी आहे. नोटेच्या एका बाजूला इंग्रजी मजकूर असतो, तो वाचूनच पैसे खिशात टाका.

अरबी आकडे शिकायला विमानातली पंधरा मिनिटं पुरतात आणि त्याचा उपयोग रोज होतो: फळवाल्याची पाटी, बसचा क्रमांक, रेल्वेचा डबा. अरबी दोन आणि तीन आपल्या २ आणि ३ च्या बरेच जवळचे आहेत, उभी रेघ म्हणजे एक, आणि नऊ इंग्रजीसारखाच. चार म्हणजे आरशात पाहिलेला इंग्रजी तीन. गोंधळ होतो तो पुढे. गोल वर्तुळ दिसलं की मराठी डोळा त्याला शून्य समजतो, पण तो तिथला पाच आहे. शून्य म्हणजे नुसता ठिपका. सहा इंग्रजी सातसारखा दिसतो. सात म्हणजे वर उघडा कोन आणि आठ म्हणजे तोच कोन उलटा. पाटीवर 'वर्तुळ, ठिपका' दिसलं तर भाव पन्नास.

कुठे राहावं

मुक्काम दोन ठिकाणी विभागला तर सगळ्यात सोयीचं: एक-दोन रात्री गिझात, बाकी वस्त अल-बलद म्हणजे मध्य शहरात किंवा झमालेक बेटावर. गिझात नझलत अस-सम्मान या वस्तीत गच्चीवरून पिरॅमिड दिसणारी छोटी हॉटेलं आहेत. दृश्य खरंच तसंच असतं, पण बाकी सगळं शहर तिथून दूर. मध्य शहरात शंभर वर्षं जुन्या युरोपीय धाटणीच्या इमारतींच्या एकेका मजल्यावर हॉटेलं असतात. बुकिंगआधी दोनच प्रश्न विचारा: लिफ्ट चालू आहे का आणि खोली रस्त्याच्या बाजूची आहे का. कैरोतले चालक कारणाशिवाय हॉर्न वाजवतात आणि ते पहाटे दोनपर्यंत चालतं. झमालेक शांत, झाडांचं आणि थोडं महाग आहे.

प्लग गोल दोन पिनांचा. आपले बारीक दोन पिनांचे मोबाइल चार्जर थेट बसतात, तीन पिनांसाठी अ‍ॅडाप्टर न्या.

मेट्रो, गाड्या आणि रस्ता ओलांडणं

१९८७ मध्ये सुरू झालेली ही आफ्रिकेतली पहिली मेट्रो. तीन मार्ग आहेत. ऑगस्ट २०२४ मधल्या भाडेवाढीनंतर स्थानकांच्या संख्येनुसार ८ ते २० गिनी तिकीट ठरलं. छोटं कागदी तिकीट आत जाताना यंत्रात घालायचं आणि बाहेर पडेपर्यंत जपून ठेवायचं, कारण बाहेरच्या यंत्रालाही ते लागतं आणि हरवलं तर दंड होतो. मधले दोन डबे बायकांसाठी राखीव असतात, फलाटावर तशा पाट्या आहेत. पुरुषांनी चुकूनही त्यात चढू नये.

लक्षात ठेवायची स्थानकं थोडीच: तहरीर चौकासाठी सादात, रामसेस रेल्वे स्थानकासाठी अश-शोहदा, बाजाराकडे जायला अताबा किंवा बाब अश-शारिया, कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती, वस्तीसाठी मार गिर्गिस. झमालेकच्या स्थानकाचं नाव झमालेक नाही, सफा हेगाझी आहे. आणि गिझा नावाचं स्थानक पिरॅमिडपासून बरेच किलोमीटर लांब आहे. तिथे उतरून चालत जाऊ म्हणणारे रोज फसतात. संग्रहालयाकडे जाणाऱ्या चौथ्या मार्गाचं काम चाललंय, तोवर गिझासाठी अ‍ॅपची गाडीच बरी.

नकाशा ४० मिनिटं दाखवत असेल तर दुपारनंतर सव्वा तास धरा. पांढऱ्या टॅक्सीत मीटर असतो. तो चालू केला नाही तर बसण्यापूर्वी भाव ठरवा, आणि तो सगळ्यांचा मिळून की माणशी, हेही तेव्हाच ठरवा.

रस्ता ओलांडायला सिग्नलची वाट पाहण्यात अर्थ नाही. दादर स्टेशनबाहेर ज्याने रस्ता ओलांडलाय त्याला हे जमेल. एखाद्या स्थानिक आजीच्या पलीकडच्या बाजूला उभं राहायचं आणि तिच्या चालीने निघायचं. मध्येच थांबायचं किंवा पळायचं नाही. चालक तुमच्या गतीचा अंदाज घेऊन वळवतात. अंदाज बिघडला की धडक होते.

पश्चिम: पठार आणि मोठं संग्रहालय

हा दिवस बुधवारी किंवा शनिवारी ठेवा. त्या दोन दिवशी ग्रँड इजिप्शियन म्युझियमची दालनं रात्री नऊपर्यंत उघडी असतात, इतर दिवशी सहापर्यंत. मग सकाळी पठार, दुपारी दोन तास विश्रांती आणि चारपासून संग्रहालय असं बसतं. एरवी ही दोन ठिकाणं वेगवेगळ्या दिवशी पाहा.

पठारावर दारं उघडताच पोहोचा. २०२५ पासून मुख्य प्रवेश फयूम रस्त्याकडून झालाय. खाजगी गाड्या आत जात नाहीत आणि ठिकठिकाणी थांबणाऱ्या विजेच्या बस तिकिटातच येतात. गाडीच्या चालकाला 'फयूम रोड गेट' असं स्पष्ट सांगा. नाहीतर तो जुन्या दाराशी नेतो आणि तिथे 'आता इकडून घोड्यानेच जावं लागतं' म्हणणारी मंडळी तयार असतात.

२०२५ मध्ये परदेशी प्रौढाला पठाराचं तिकीट ७०० गिनी होतं. खुफूच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत जायचं तिकीट वेगळं आणि याहून महाग. विद्यार्थ्यांनी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र नेलं तर बहुतेक ठिकाणी निम्मे पैसे लागतात. कॉलेजचं साधं ओळखपत्र चालेलच असं नाही.

क्रम असा: बसने आधी सगळ्यात वरच्या पॅनोरमा जागेवर, मग मेनकौरे, खाफ्रे आणि खुफू या राजांचे पिरॅमिड आणि शेवटी खाली स्फिंक्स. उतरणीने जाणं होतं आणि पाय वाचतात. एक मात्र सांभाळा. स्फिंक्सचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे दुपारनंतर चेहरा सावलीत जातो. फोटो हवा असेल तर बाराच्या आत तिथे पोहोचा.

खुफूच्या आत जावं का? आत चित्रं, मूर्ती काहीही नाही. सव्वा मीटरहून कमी उंचीच्या तिरक्या बोगद्यातून जवळजवळ चाळीस मीटर वाकून चढायचं, मग साडेआठ मीटर उंच भव्य मार्गिका लागते आणि वर ग्रॅनाइटची रिकामी खोली. हवा कोंदट आणि दमट. गुडघे, कंबर, रक्तदाब किंवा बंद जागेची भीती यांपैकी काहीही असेल तर बाहेरूनच नमस्कार करा. ज्यांना एकाच पिरॅमिडच्या आत जायचंय त्यांनी पैसे वाचवून दाहशूरला जावं, ते पुढे येतंच.

उंट आणि घोडे. उंटावर बसायचा भाव वेगळा आणि खाली उतरायचा वेगळा, हा खेळ अजून चालतो, आणि उंटावर बसल्यावर घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही. बसायचंच असेल तर वेळ, मार्ग, माणसं आणि उतरणं धरून एकूण रक्कम आधी ठरवा, मोबाइलवर लिहून दाखवा आणि पैसे उतरल्यावरच द्या. तुमचा मोबाइल 'फोटो काढतो' म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका. डोक्याला फडकं गुंडाळून 'गिफ्ट, गिफ्ट' म्हणणाऱ्याला ते लगेच परत करा. 'ला, शुक्रन' म्हणजे 'नको, आभारी आहे'. एकदा म्हणा, नजर वळवा आणि चालत राहा. थांबून कारण सांगितलं की सौदा सुरू झाला.

भारतीय चेहरा पाहिला की 'अमिताभ बच्चन!' अशी हाक हमखास येते. पुष्कळदा ती मनापासूनची असते, कारण हिंदी सिनेमाचं प्रेम तिथे खरं आहे. पण विक्रेत्यांनाही हे माहीत आहे. हसून हात करा, पाय थांबवू नका.

संग्रहालय पठारापासून दोनेक किलोमीटरवर आहे, पण मधला रस्ता चालण्यासारखा नाही. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुलं झालं. उघडलं तेव्हा परदेशी प्रौढाला १,४५० गिनी तिकीट होतं. वेळ निवडून ऑनलाइन तिकीट काढायचं असतं आणि सुट्ट्यांच्या दिवसांत ती आठवडाभर आधी संपतात. फक्त अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा.

आत शिरताच रामसेस दुसऱ्याचा ८३ टनी पुतळा, मग जिन्यावर मांडलेल्या मूर्ती, आणि वर मुख्य दालनं. तुतनखामुन राजाच्या थडग्यातल्या ५,००० हून जास्त वस्तू इथे पहिल्यांदाच एकत्र मांडल्यात. त्याच्या सोन्याच्या मुखवट्याभोवती दुपारी गर्दी असते. उशिरा उघड्या असणाऱ्या दिवशी आधी मुख्य दालनं पाहा आणि सातनंतर तुतनखामुनकडे या, गटांच्या बस तोवर निघून गेलेल्या असतात. खुफूच्या नौकेची इमारत वेगळी आहे आणि थकलेली माणसं ती हमखास सोडून देतात. ४,५०० वर्षांपूर्वीची लाकडी नौका आहे ती, सोडू नका. फ्लॅश आणि तिपाई चालत नाही.

पूर्व: किल्ला, मशिदी, बाजार

सकाळी किल्ला. बाराव्या शतकात सलाहुद्दीनने बांधायला घेतलेला, आणि आतली मुहम्मद अली मशीद एकोणिसाव्या शतकातली. दीड-दोन तास पुरतात. खाली उतरून सुलतान हसन आणि अल-रिफाई या समोरासमोरच्या दोन मशिदी पाहा. चौदाव्या शतकातली सुलतान हसन या शहरातली सर्वांत भव्य वास्तू आहे, किल्ल्यावर वेळ कमी पडला तरी चालेल, इथे नको. गाडीने पाच मिनिटांवर नवव्या शतकातली इब्न तुलून मशीद आहे, तिच्या अंगणात गर्दी जवळजवळ नसतेच.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांनी ओढणी बरोबर ठेवावी. चपला हातात घेऊन आत जाता येतं. बाहेर ठेवल्या तर सांभाळणाऱ्याला पाच-दहा गिनी द्या. दारातला माणूस 'मिनारावर चला' म्हणाला तर आधी रक्कम विचारा.

दुपारी बाब अल-फुतूह या उत्तरेच्या वेशीपाशी उतरा आणि अल-मुइझ रस्त्याने दक्षिणेकडे चालत या. बहुतेक लोक खान अल-खलिलीपासून सुरुवात करतात, तिथेच खरेदी करून हात भरतात आणि उत्तरेचा सुंदर भाग राहून जातो. वेशीच्या आत पहिलीच फातिमी राजवटीतली अल-हाकिमची मशीद, १०१३ मध्ये पुरी झालेली. ती पडझडीला आली होती. १९८० च्या सुमारास दाऊदी बोहरा समाजाने तिचा जीर्णोद्धार केला आणि पुन्हा डागडुजी होऊन २०२३ मध्ये ती खुली झाली. बोहरा समाजाची गादी मुंबईत आहे, त्यामुळे अंगणात गुजराती-हिंदी बोलणारी मुंबईची कुटुंबं भेटतात आणि गल्लीबोळांची माहिती त्यांच्याइतकी कोणाला नसते.

पुढे बैत अस-सुहैमी हा जुना वाडा, अल-अकमर मशीद आणि कलावूनचा मदरसा-मकबरा. कलावूनचा घुमट आतून पाहाच. रस्त्यावरच्या निवडक वास्तूंचं एकत्र तिकीट मिळतं. मग बाजार, मुख्य रस्ता ओलांडून अल-घुरीच्या वास्तू आणि शेवटी बाब झुवैला ही दक्षिणेची वेस. तिथल्या मिनारावर तिकीट काढून चढता येतं, सूर्यास्ताच्या आधी पोहोचा.

खरेदीत सांगितलेल्या किमतीच्या एक तृतीयांशापासून सुरुवात करा आणि निम्म्याच्या आसपास थांबा. मसाल्यांच्या दुकानात 'केशर' म्हणून स्वस्तात दाखवतात त्या करडईच्या पाकळ्या असतात. 'पपायरस इन्स्टिट्यूट'मध्ये, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरची चित्रं विकणाऱ्या दुकानात, नेणारा चालक कमिशन घेतो. रस्त्यावरचा स्वस्त पपायरस बहुधा केळीच्या पानाचा असतो. खरा पपायरस उजेडात धरला की आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी दिसते, आणि गुंडाळला तर तडकत नाही.

दक्षिण: सक्कारा आणि दाहशूर

इथे बस-मेट्रोचा नाद नको. हॉटेलमार्फत किंवा इनड्राइव्हवरून दिवसभराची गाडी ठरवा. 'दाहशूर, सक्कारा आणि परत, थांबण्याच्या वेळेसकट, दुकानांत थांबायचं नाही' असं आधीच लिहून पाठवा. सकाळी सातला निघा आणि आधी लांबच्या दाहशूरला जा. लाल पिरॅमिड स्नेफ्रू राजाचा, सपाट बाजूंचा पहिला यशस्वी पिरॅमिड. आत जायचं वेगळं तिकीट नाही आणि सकाळी तिथे माणूस नसतो. बाहेरच्या पायऱ्यांनी चढून मग साठेक मीटर तिरकं वाकून खाली उतरायचं. आत अमोनियासारखा वास येतो, पण छत पाहिल्यावर श्रम वसूल होतात. परत चढताना घाई नको. मांड्या दुसऱ्या दिवशी बोलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी किल्ला आणि मिनार ठेवू नका.

सक्काऱ्यात जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड, सेरापेयम म्हणजे पवित्र बैलांची भुयारी थडगी, आणि मस्तबा म्हणजे सपाट माथ्याच्या थडग्यांतली कोरीव चित्रं. रोजच्या जगण्याची खरी चित्रं इथे आहेत, पिरॅमिडच्या आत नाहीत: मासेमारी, गुरं, बेकरी. काही थडग्यांचं तिकीट वेगळं असतं आणि ते दारावरच घ्यावं लागतं, आत गेल्यावर मिळत नाही. पहारेकरी 'हे बंद आहे, पण तुमच्यासाठी उघडतो' म्हणेल, तर ते फुकट नसतं. साइट दुपारी चार-पाचला बंद होतात. वेळ उरला तरच मेम्फिस या जुन्या राजधानीचे अवशेष.

मध्य: तहरीर, कॉप्टिक वस्ती आणि ममी

तहरीर चौकातलं १९०२ सालचं गुलाबी संग्रहालय आता रिकामं झालंय ही समजूत चुकीची आहे. तुतनखामुन गेला, पण तानिसच्या राजांचं सोनं-चांदी इथेच आहे आणि आता निवांत पाहता येतं. तिथून मेट्रोने मार गिर्गिस: लटकतं चर्च, बेन एझ्रा सिनेगॉग, कॉप्टिक संग्रहालय. मग गाडीने फुस्तातमधलं राष्ट्रीय संस्कृती संग्रहालय. एप्रिल २०२१ मध्ये मिरवणुकीने हलवलेल्या राजघराण्यांतल्या २२ ममी इथे आहेत. त्या दालनात फोटो काढता येत नाही.

संध्याकाळी नाईलमध्ये फेलुका, म्हणजे शिडाची होडी. भाडं होडीचं आणि तासाचं असतं, माणशी नव्हे. गार्डन सिटीच्या धक्क्यावर भाव करा.

शाकाहारी पोट

कैरो शाकाहाऱ्यांना उपाशी ठेवत नाही. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा सार आणि तळलेला कांदा. बरोबर लसूण-व्हिनेगरचं पाणी आणि शत्ता नावाची तिखट चटणी. साध्या दुकानात १०० गिनीच्या आत पोट भरतं. मध्य शहरातलं अबू तारिक प्रसिद्ध आहे. शत्ता आधी थेंबभर चाखा, आपल्या ठेच्याला सरावलेल्यांनाही ती लागते. न्याहारीला फूल, म्हणजे शिजवलेला बाकला (फावा बीन हे कडधान्य), आणि तामिया, म्हणजे बाकल्याचे वडे, पावात घालून.

फसवणारे पदार्थ दोन. मुलुखिया हिरवी पालेभाजी दिसते, पण कोंबडीच्या किंवा सशाच्या रश्श्यात शिजते. महशी, म्हणजे भात भरलेल्या भाज्या, अनेकदा मटणाच्या पाण्यात शिजवतात. 'अना नबाती' म्हणजे मी शाकाहारी, पण त्यावर 'मग चिकन?' असं विचारणारे भेटतात. त्यापेक्षा 'सियामी' म्हणा. कॉप्टिक ख्रिस्ती वर्षातले पुष्कळ दिवस उपास पाळतात, त्या जेवणाला सियामी म्हणतात. त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. मासे मात्र काही उपासांत चालतात, तेवढं विचारा. बेकरीत सियामी बिस्किटं वेगळी ठेवलेली असतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची अडचण होते, त्यांनी थेपले आणि मेतकूट बरोबर न्यावं.

नळाचं पाणी पिऊ नका, बाटलीचं झाकण सीलबंद आहे का बघा. उसाचा रस गर्दीच्या दुकानात, बर्फाशिवाय. औषधांची दुकानं रात्रीही उघडी असतात आणि पोट बिघडलं तर तिथला फार्मासिस्ट नीट सल्ला देतो. स्वच्छतागृहांत बहुधा पाण्याची सोय असते, एवढा आपल्याला दिलासा.

बायकांसाठी आणि अडचण आली तर

एकट्या बाईला रस्त्यात शेरे ऐकावे लागतात. सैल कपडे, टॅक्सीत मागची सीट, मेट्रोत राखीव डबा आणि उत्तर न देणं, यांनी बरंच निभावतं. कोणी मागे लागलाच तर जवळच्या दुकानात शिरा आणि मोठ्याने बोला, लोक लगेच मध्ये पडतात. पर्यटन पोलीस १२६, पोलीस १२२, रुग्णवाहिका १२३. पोलीस, लष्कर, पूल आणि सरकारी इमारती यांचे फोटो काढू नका.

'आज बंद आहे, मी दुसरा रस्ता दाखवतो' हे वाक्य पिरॅमिडपाशी, मशिदीपाशी, स्थानकावर, कुठेही ऐकू येईल. सांगणारा कितीही सज्जन वाटला तरी दारापर्यंत जाऊन स्वतः बघा.

लक्सर-अस्वानकडे रेल्वेने जाणार असाल तर तिकिटावरचं स्थानक दोनदा वाचा. रामसेस, गिझा आणि २०२४ मध्ये उघडलेलं बश्तील अशी तीन ठिकाणं आहेत आणि ती एकमेकांपासून लांब आहेत.

परतीला विमानतळावर साडेतीन तास आधी पोहोचा. टर्मिनलच्या दारातच सामान तपासणी होते आणि आत पुन्हा एकदा. ५,००० गिनीपेक्षा जास्त स्थानिक चलन देशाबाहेर नेता येत नाही, आणि भारतात गिनी कोणी घेत नाही. उरलेल्या मोठ्या नोटा आदल्या दिवशी हॉटेलच्या बिलात वळत्या करा. सुट्या नोटा बॅग उचलणाऱ्यासाठी ठेवा.